खाऱ्या हवेत गप्प पडलेला ॲम्प

पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. गाडीतल्या तांब्याच्या तारेचंही तसंच होतं. फरक इतकाच की तिथला हिरवा कळंक नजरेला पडत नाही. तो वेष्टनाच्या आत, लगच्या (तारेच्या टोकावरच्या धातूच्या जोडणीच्या) नळीत, फ्यूजच्या पात्याखाली बसलेला असतो. म्हणून हर्णै, गुहागर, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यात गाडीतला ॲम्प (स्टिरिओचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) गप्प झाला की माझा पहिला संशय ॲम्पवर नसतो, त्याच्याकडे येणाऱ्या सांध्यांवर असतो. ॲम्प जळाला असं ठरवून नवा आणायचा, जुन्याच तारांना जोडायचा आणि तोही बोलला नाही की कपाळाला हात लावायचा, हा खर्च अर्ध्या तासाच्या तपासणीत वाचतो.

मीठ ओलावा धरून ठेवतं, हा इथला मूळ त्रास. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं, तेच वाऱ्याबरोबर येऊन तारांवर आणि सर्किटवर बसलेल्या मिठाच्या कणांना सुटतं. गाडी छपराखाली कोरडी उभी असली तरी ते कण हवेतली वाफ ओढतात, खारट पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि त्यातून वीज झिरपत राहते. बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य तारेवर १२ व्होल्ट कायम उभे असतात, म्हणून तिथलं तांबं सर्वांत आधी खाल्लं जातं. गाडी बंद असतानाही हे काम चालूच असतं.

तपासणीची सुरुवात ॲम्पवरच्या दिव्यापासून करा. दिवा लागतच नाही, लाल म्हणजे प्रोटेक्टचा लागतो, की हिरवा नीट लागूनही आवाज नाही, हे तीन वेगवेगळे दोष आहेत. आपला कोणता ते ठरल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

दिवा लागत नसेल तर तीन तारा बघायच्या: बॅटरीची, अर्थची (गाडीच्या बॉडीला जोडलेली) आणि रिमोटची (ॲम्प चालू करायचा इशारा देणारी). बहुतेक जण मल्टीमीटर लावतात, त्यावर १२.६ दिसतं आणि ‘सप्लाय ठीक आहे’ म्हणून ॲम्प खोलायला घेतात. चूक इथेच होते. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. शंभर धाग्यांच्या तारेतला एकच धागा शाबूत असला तरी मीटर पूर्ण १२.६ दाखवतो. ॲम्पने २० अँपिअर मागितले की तो एक धागा काय देणार?

त्यामुळे तारेला खरा भार लावून बघावं लागतं. त्यासाठी हेडलाइटचा एच४ बल्ब पुरतो. एक फिलामेंट गेलेला आणि दुसरा शाबूत असलेला जुना बल्ब कुठल्याही गॅरेजच्या कोपऱ्यात सापडतो. तो सुमारे ५ अँपिअर ओढतो. आधी बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज काढा, मगच ॲम्पवरून बॅटरीची आणि अर्थची तार सोडवा. त्या दोन तारांमध्ये बल्ब जोडा आणि फ्यूज परत बसवा. काच लगेच तापते, तेव्हा बल्ब सीट कव्हर किंवा कार्पेटवर टेकवू नका. बल्ब लख्ख पेटला नाही, मंद लाल झाला, तर दोष तारेत आहे आणि ॲम्प निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे.

लख्ख पेटला तरी थांबू नका. बल्ब पेटता ठेवून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल पिन बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, काळी पिन ॲम्पकडे आलेल्या त्याच तारेच्या टोकावर. पिन पोचत नाही म्हणून एक लांब साधी वायर जोडून घ्यावी लागते. आता जो आकडा दिसतो तो वाटेत हरवलेला व्होल्ट. ४ गेज जाडीची पाच मीटर चांगली तांब्याची तार ५ अँपिअरला जेमतेम ०.०२ व्होल्ट खाते. ०.१ व्होल्ट दिसला तर आकडा छोटा वाटतो, पण हिशेब करून बघा: ०.१ भागिले ५ म्हणजे ०.०२ ओम. गाणं जोरात लागल्यावर ॲम्पने ५० अँपिअर ओढले की त्याच सांध्यात पूर्ण १ व्होल्ट पडतो आणि ५० वॉट उष्णता निघते. हे म्हणजे सांध्याच्या आत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवण्यासारखं झालं. प्लास्टिकचे फ्यूज होल्डर वितळलेले दिसतात त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. तिथे फ्यूज उडत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो, आणि होल्डर मात्र जळतो.

होल्डर हीच पहिली संशयित जागा. तो बॉनेटखाली असतो, तिथे रस्त्याचं पाणी उडतं, इंजिनाची उष्णता असते आणि रात्री थंड झाल्यावर आत दव धरतं. काचेच्या नळीच्या फ्यूजचे होल्डर किनाऱ्यावर वापरूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. टोप्यांवर कळंक चढतो आणि आतली स्प्रिंग सैल होते. स्क्रूने आवळायचा पट्टीचा एएनएल फ्यूज घ्या. तो बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत असावा, कारण फ्यूजच्या अलीकडचा तारेचा तुकडा उघडा पडून बॉडीला लागला तर त्याला अडवणारं काहीच नसतं. फ्यूज डोळ्यांनी बघून पास करू नका. दोन्ही टोकांना मीटर लावा. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद लावण्याचा मोह कितीही झाला तरी टाळा, गाडीला आग लागण्याचा हा सरळ रस्ता आहे.

अर्थची तपासणीही अशीच: एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी ॲम्पकडच्या अर्थ तारेच्या टोकावर, बल्ब पेटता. इथेही ०.१ च्या आत हवं. इकडे अर्थ जास्त वेळा दगा देतो, कारण अर्थ घ्यायला पत्र्याचा रंग खरवडावा लागतो आणि खरवडलेला पत्रा खाऱ्या हवेत एका पावसातच तांबूस होतो. वरून बोल्ट घट्ट, खाली गंजाची पापडी. तो सोडून पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, दाताचा वॉशर टाका, निदान ६ मिलिमीटरचा बोल्ट करकचून आवळा आणि मग वरून, खालून, कडेने रेड ऑक्साइडचा हात द्या किंवा पेट्रोलियम जेली चोपडा. क्रम महत्त्वाचा आहे. धातू धातूला भिडल्यावर लेप, लेपावर धातू नव्हे. सीटबेल्टच्या बोल्टखाली अर्थची लग घालू नका. तो बोल्ट जीव वाचवायला आहे आणि त्याच्या आवळण्यात फरक पडता कामा नये.

तारेचं टोक कापून आतलं तांबं बघा. लालसर चकाकी असेल तर ठीक. काळं पडलं असेल तर दोन-तीन इंच आणखी कापा. तरीही काळंच निघालं तर तार आतून गेली आहे, ती पूर्ण बदला. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. चाकूने धागा खरवडला की आतून पांढरी दिसते. तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आणि त्यावर खारा ओलावा, म्हणजे ॲल्युमिनियमची पांढरी भुकटीच होते. मच्छीमारी होड्यांमध्ये वापरतात तशी कलई केलेली तांब्याची तार मिळाली तर उत्तमच. महाग पडते, पण तिचा प्रत्येक धागा कथिलाखाली झाकलेला असतो.

रिमोटची तार बारीक असते आणि म्हणूनच दुर्लक्षित. स्टिरिओमधून येणारी निळी-पांढरी तार ॲम्पला ‘चालू हो’ सांगते. तपासायला साधी युक्ती: मुख्य तारा जागेवर असताना ॲम्पच्याच बॅटरी टर्मिनलवरून रिमोट टर्मिनलला क्षणभर एक छोटी तार लावा. दिवा लागला तर ॲम्प आणि सप्लाय ठीक, रिमोट नाही. ही तार लावताना ती अर्थच्या टर्मिनलला शिवू देऊ नका. पट्टा नसलेली पूर्ण निळी तार बऱ्याच स्टिरिओत ॲन्टेनासाठी असते आणि रेडिओवरून यूएसबीवर गेलं की काहींत ती बंद होते. ॲम्पचा रिमोट चुकून तिला जोडला की ‘रेडिओवर वाजतो, पेनड्राइव्हवर गप्प’ ही तक्रार येते. या तारेवर मोठा भार चालत नाही, त्यामुळे एच४ बल्ब तिच्यावर कधीही लावू नका. दोन वॉटचा डॅशबोर्डचा बल्ब पुरे. एकाच रिमोटवर दोन ॲम्प, पंखा आणि एलईडी पट्टी टांगलेली असेल तर मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा भार चालू करणारा स्विच) घाला. कंपनीच्या स्टिरिओला रिमोट नसतोच. तिथे ॲम्प स्पीकरच्या तारांवरचे सहा-सात व्होल्ट ओळखून जागा होतो, पण त्यासाठी त्याचं ऑटो बटण योग्य बाजूला हवं.

मोठ्या गाड्यांबद्दल इथेच सांगायला हवं, कारण गणपती जवळ आले की ही चूक हमखास होते. चाकरमान्यांना घेऊन येणाऱ्या मोठ्या बस आणि ट्रक २४ व्होल्टवर चालतात. गाडीचा ॲम्प १२ व्होल्टचा. सरळ जोडला तर जळतो, हे बहुतेकांना माहीत असतं. मग दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढले जातात. गाणं वाजतं, पण ती एक बॅटरी रोज अर्धी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि काही आठवड्यांत दोन्ही जातात. २४ चं १२ करणारा कन्व्हर्टरच लावायचा, आणि तो ॲम्पला पुरेल इतक्या अँपिअरचा. ३० अँपिअरच्या ॲम्पला १० अँपिअरचा कन्व्हर्टर दिला तर दिवा लागतो, पहिल्या ठेक्याला विझतो, पुन्हा लागतो. वर्कशॉपमध्ये याला ‘ॲम्प खराब’ म्हणतात. तो उपाशी असतो.

आता लाल दिवा. ॲम्प स्वतःला वाचवतोय, एवढाच त्याचा अर्थ. बंद करून स्पीकरच्या सगळ्या तारा काढा आणि पुन्हा चालू करा. हिरवा झाला तर दोष स्पीकरकडे आहे, एकेक जोडी लावत जा. लालच राहिला तर बंद करून आरसीए (स्टिरिओकडून सिग्नल आणणारी केबल) काढा. तरीही लाल असेल तर बहुधा पोटात बिघाड आहे. आरसीएच्या पिना ॲम्प चालू असताना काढू-घालू नका. मधली पिन आधी टेकते, अर्थ नंतर, आणि त्या क्षणीचा दणका स्पीकर फाडू शकतो.

स्पीकरच्या सुट्या केलेल्या प्रत्येक तारेपासून बॉडीपर्यंत ओम मोजा. काहीही दाखवायला नको. दाखवलं तर तार कुठेतरी पत्र्याला घासली आहे: दरवाज्याच्या बिजागरीजवळचा रबरी भोंगा, सीटची सरकपट्टी, किंवा पावसाळ्यात उबेला आलेल्या उंदरांनी कुरतडलेला तुकडा. मग स्पीकरचे दोन्ही टोक मोजा. ४ ओमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो, ते बरोबरच आहे. सबमध्ये (खर्जाच्या मोठ्या स्पीकरमध्ये) ४-४ ओमच्या दोन कॉइल असतील आणि त्या समांतर जोडल्या असतील तर २ ओम होतात. ब्रिज केलेल्या (दोन चॅनल जोडून एकच स्पीकर चालवणाऱ्या) ॲम्पला सहसा किमान ४ ओम लागतात. २ ओमवर असा ॲम्प हळू आवाजात वाजतो आणि आवाज वाढवला की लाल होतो. तारा बदलायची गरज नाही, जोडणी बदला.

हिरवा दिवा असून आवाज नसेल तर आधी फुकटातले उपाय. स्टिरिओत सबची पातळी बंद नाही ना, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारी सेटिंग) पूर्ण पुढे ढकललेला नाही ना, ॲम्पवरचा क्रॉसओव्हर (खर्ज आणि बारीक स्वर वेगळे करणारं बटण) उलटा नाही ना. सबच्या चॅनलवर हाय पास (फक्त वरचे स्वर सोडणारा) लागला की सब गप्प बसतो, ट्विटरच्या (बारीक स्वरांच्या छोट्या स्पीकरच्या) चॅनलवर लो पास (फक्त खर्ज सोडणारा) लागला की ट्विटर. अरुंद डिकीत हात घालून सामान काढताना ही बटणं सरकतात.

मग सिग्नल. ५० हर्ट्झचा टेस्ट टोन फोनवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. साधा मीटर या फ्रिक्वेन्सीला बरोबर वाचतो, गाण्यावर आकडे नाचतात. मीटर एसीवर ठेवून आरसीएच्या मधल्या पिन आणि कडेच्या कड्यामध्ये मोजा. आवाज मध्यम असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा जास्त यायला हवं. आलं, पण ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर शून्य, तर दोष ॲम्पमध्ये. टर्मिनलवर व्होल्ट येतात आणि तरी सब मुका, तर दोष तारेत किंवा कॉइलमध्ये. आरसीएवरच काही नसेल तर ॲम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) अगदी कमी करून फोनमधून साडेतीन मिलिमीटरच्या पिनेची तार थेट ॲम्पला द्या. वाजला तर आरसीए केबल किंवा स्टिरिओ. काही स्टिरिओंत आरसीएच्या अर्थवर बारीक फ्यूज असतो आणि तो चालू गाडीत तारा जोडताना उडतो. मग आवाज विरतो किंवा इंजिनाच्या वेगाबरोबर शिट्टी ऐकू येते.

दरवाज्यातल्या स्पीकरची गोष्ट वेगळी. काचेवरून उतरणारं पाणी दरवाज्याच्या आतूनच खाली जातं, ती गाडीची रचनाच आहे. दाराच्या पॅनलमागची प्लास्टिकची चादर फाटली की ते स्पीकरच्या पाठीवर पडतं. तळाची भोकं लाल मातीने बुजली की साचतं. कागदी कोन मऊ पडतो, फटीत गंज फुगून कॉइल अडकते. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा: ‘टक्’ आवाज येऊन कोन हलला तर ठीक. ट्विटरवर ही युक्ती करू नका.

पाणी ॲम्पपर्यंत येतं कुठून, हे शोधल्याशिवाय दुरुस्ती टिकत नाही. सीटखाली ॲम्प असेल तर काचेच्या खालची जाळी बघा. आंब्याफणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानं तिथली पाण्याची वाट अडवतात आणि पाणी आत उतरतं. एसीची निचऱ्याची नळी तुंबली तरी डाव्या सीटखालचं कार्पेट भिजतं, आणि ते भर उन्हाळ्यातही. मासळी नेणाऱ्या पिकअपमध्ये बर्फाचं खारं पाणी, पुळणीवर गाडी घालणाऱ्यांच्या गाडीखाली थेट समुद्र. कार्पेटवर ॲम्प कधीच झोपवू नका. लाकडी पट्टीवर दोन-तीन सेंटीमीटर वर उचला आणि त्याच्याकडे जाणारी प्रत्येक तार आधी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोलावरूनच गळेल.

पुरात गेलेल्या ॲम्पला पहिल्या तासात वाचवता येतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या सीटच्या वर बुडाल्या. अशा गाडीत ‘चालतो का बघू’ म्हणून चावी फिरवणं हीच सर्वांत मोठी हानी, कारण ओल्या सर्किटला करंट मिळाला की पट्ट्यांवरचं तांबं विरघळून जातं. बॅटरीचा मायनस सोडा, ॲम्प बाहेर काढा, झाकण उघडा. गाळ आणि मीठ पाण्यानेच जातं, म्हणून धुवायचंच आहे, पण किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी नको. मऊ ब्रश आणि उघड्यावर धरलेलं पावसाचं पाणी, शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा, आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, तांदूळ मीठ काढत नाही. जुलैच्या हवेत पंख्याखालीही नीट सुकत नाही. पत्र्याच्या पेटीत ४० वॉटचा बल्ब लावून, ॲम्प त्यापासून वीतभर दूर ठेवून दोन-तीन दिवस राहू द्या.

पोटातला दोष असेल तर फ्यूज कधी उडतो ते आधी बघा. रिमोट न देता, नुसती बॅटरीची तार जोडताच उडत असेल तर सप्लायच्या बाजूचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) किंवा उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड शॉर्ट असतो. रिमोट दिल्यावरच उडत असेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर किंवा रेक्टिफायर. तार काढून कपॅसिटर रिकामे होऊ द्या, आतल्या सप्लायचे व्होल्ट बॅटरीपेक्षा बरेच जास्त असतात. मीटर डायोडवर ठेवून मॉस्फेटच्या ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमध्ये मोजा. चांगला एका बाजूने ०.४ ते ०.६ दाखवतो, मेलेला दोन्ही बाजूंनी शून्याजवळ. समांतर जोडलेल्यांत एक मेला की सगळेच मेलेले दिसतात, म्हणून पाय उचलून एकेक मोजावा लागतो. बदलताना मात्र त्या बाजूचे सगळे एकाच क्रमांकाचे बदला आणि गेटचे (तिसऱ्या पायाचे) रेझिस्टर मोजायला विसरू नका, तेही सोबत जळतात. आयआरएफ झेड ४४ एन सारख्या खपाच्या मॉस्फेटचे नकली नग बाजारात फार आहेत, ओळखीच्या दुकानातूनच घ्या.

मॉस्फेट ठीक आणि तरी सप्लाय उठत नसेल तर सप्लाय चालवणारी टीएल ४९४ ही आयसी बघा, खूप ॲम्पमध्ये हीच असते. १२ नंबरच्या पिनवर बॅटरीजवळचे व्होल्ट, १४ वर ५ व्होल्ट हवेत. ४ नंबरवर ३ व्होल्टच्या वर असेल तर तिला प्रोटेक्शनने दाबून ठेवलंय, शोध पुढे न्या. १२ वर आहे आणि १४ वर नाही तर बहुतेक वेळा आयसीच गेलेली असते. हे सगळं करण्याआधी भिंग घेऊन टर्मिनल आणि आरसीएच्या पायांचे सोल्डर बघा. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पायाभोवती गोल चीर पडते, आणि इथे त्या चिरेत हिरवटपणा भरतो. नुसतं सोल्डर काढून नवं भरल्यावर बोललेले ॲम्प बरेच असतात.

जोडताना ट्रान्झिस्टर हीटसिंकला आवळल्याशिवाय चालू करू नका, काही सेकंदांत ते जातात. खालची अभ्रकाची चकती फाटली असेल तर नवी, आणि पेस्ट पातळ. पहिल्यांदा चालू करताना तोच एच४ बल्ब बॅटरीच्या तारेत मालिकेत घाला, स्पीकर न जोडता. बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा मंद राहिला तर आत शॉर्ट नाही. लख्ख पेटून राहिला तर काढा आणि पुन्हा शोधा. ठीक वाटलं की बल्बच्या जागी १० अँपिअरचा फ्यूज. स्पीकरच्या टर्मिनलच्या जोडीत डीसी मोजा, काही मिलिव्होल्ट असावेत. मगच स्पीकर आणि शेवटी मूळ फ्यूज. सगळे सांधे आवळून झाले की त्यांवर जेली. हे काम आगोटीच्या दिवसांत, मे संपायच्या आत उरकलं तर बरं. जूनच्या पहिल्या सरीनंतर आत अडकलेला ओलावा जेलीखालीच राहतो.